विग्रहकाका

लांबलचक इंग्रजी शब्द दिसला की चारचौघं डोळे मिटून पुढं सरकतात. विग्रहकाका खिशातून पेन्सिल काढतात. आयुष्यभर त्यांनी शाळेत समास शिकवले. निवृत्तीनंतर ‘दशानन’ आणि ‘पीतांबर’ फोडून झाले, तेव्हा गाडी ग्रीक-लॅटिनकडे वळली. त्यातही साध्यासुध्या नामांना ते हिंग लावून विचारत नाहीत. शास्त्रातलं विशेषणच हवं, तेही हातभर लांब.

कान-नाक-घशाच्या दवाखान्यात ‘ओटोरायनोलॅरिंगोलॉजिकल’ अशी पाटी त्यांना दिसली आणि स्वतःचं वाहतं नाक ते विसरले. ‘‘ओटो म्हणजे कान, रायनो म्हणजे नाक, लॅरिंगो म्हणजे स्वरयंत्र. तोच रायनो गेंड्यात! रायनोसेरॉस, नाकावर शिंग असलेला!’’ शेजारच्या पेशंटनं हळूच आपलं नाक चाचपलं.

काकांचा दंडक एकच: जीभ तोडते तिथं अर्थ तुटत नाही. ‘हेलिकॉप्टर’ पोरं ‘हेलि’वर तोडतात. काका कळवळतात. ‘‘अरे, हेलिको म्हणजे मळसूत्री वळण आणि प्टेर म्हणजे पंख!’’ हेलिपॅड हा शब्द तर त्यांच्या लेखी दिवसाढवळ्या झालेली चोरी. ‘‘वळणातला ‘को’ खाल्ला कुणी?’’

परवा तळमजल्यावरचे आप्पा चक्कर येऊन पडले. ईईजीचा रिपोर्ट आला. घरातले धास्तावून बसलेले. काका मात्र ‘इलेक्ट्रोएन्सेफॅलोग्राफिक’वर पेन्सिलीनं उभ्या रेघा मारत होते.

‘‘उच्चाराचे तुकडे नऊ, पण घटक पाचच. इलेक्ट्रो! ग्रीकांचा इलेक्ट्रॉन म्हणजे तृणमणी. घासला की काडी ओढतो, म्हणून विजेला त्याचं नाव. एन म्हणजे आत, केफाली म्हणजे डोकं; डोक्याच्या आत काय, तर मेंदू. ग्राफ म्हणजे लिहिणं. शेवटचं ‘इक’ विशेषणाचं शेपूट, आपल्या ‘वैज्ञानिक’सारखं.’’

‘‘पण काका, मेंदूत काही...’’ सूनबाई रडवेल्या झाल्या.

‘‘मेंदूत वीज आहे! जर्मनीत येनाला हान्स बर्गरनं १९२४ मध्ये माणसाची पहिल्यांदा टिपली आणि १९२९ मध्ये छापली. मधली पाच वर्षं थांबला बिचारा.’’

‘‘आम्ही किती थांबायचं?’’ आप्पांनी विचारलं.

तेवढ्यात मुलानं रिपोर्ट काकांच्या हातून ओढून घेतला. तळाशी एकच शब्द होता: नॉर्मल. घरानं सुटकेचा श्वास टाकला. चहा ठेवायला सूनबाई उठल्या.

‘‘थांबा!’’ काकांनी पेन्सिल वर केली. ‘‘लॅटिनमध्ये नॉर्मा म्हणजे सुताराचा गुण्या. याचा अर्थ, आप्पांचं डोकं अगदी काटकोनात आहे.’’

आप्पांच्या सौभाग्यवती इतका वेळ गप्प होत्या. ‘‘भावोजी,’’ त्या म्हणाल्या, ‘‘ते मशीन एकदा तपासून घ्यायला सांगा.’’