अंगठा

संध्याकाळच्या विरार फास्टमध्ये चढलेल्या माणसाचा एकच अवयव मोकळा राहतो. अंगठा. एक हात वरच्या कडीत, दुसरा छातीशी चेपलेला, त्यात मोबाइल, नाक शेजाऱ्याच्या काखेशी. अशा अवस्थेत तो एकटा बिचारा अंगठा अंधेरीपासून जगभर हिंडत असतो. ग्रुपवरचं 'टँकर आला का?', कुणाच्या तरी नातवाचा नाच, अर्नाळ्याच्या मासळीचा भाव, सगळीकडे त्याची हजेरी लागते.

या आठवड्यात मात्र अंगठ्यावरूनच सोसायटीत वादळ झालं. बी-विंगमधल्या काकांनी ग्रुपवर कळवलं, 'मोठे बंधू गेले.' खाली अकरा अंगठे उमटले. एकाने टाळ्याही वाजवल्या; त्याचं बोट घसरलं असावं. तळमजल्यावरचे गुरुजी भडकले. "दुःखात असलेल्या माणसाला अंगठा दाखवता?" त्यांच्या मराठीत अंगठा दाखवणं म्हणजे तोंडाला पानं पुसणं. चूक त्यांची नाही. खूण तीच, अर्थ तेवढा साफ उलटा झालाय.

माझ्या आजीचा अंगठा आठवतो. 'निशाणी डावा अंगठा' एवढं लेखनिकाने लिहायचं, शेजारी तिने निळ्या शाईतला अंगठा टेकवायचा. असा एकदा टेकवला आणि केळीची वाडी गेली. आता तिथे चार मजली इमारत आहे. आजी नंतर कित्येक दिवस तो अंगठा पदराला पुसत होती. आम्ही शिकलेली नातवंडं दिवसाला शंभर अंगठे देतो आणि कशाला दिले ते संध्याकाळी आठवत नाही.

फेसबुकचं लाइकचं बटण आणि आमची वसई-विरार महानगरपालिका, दोघंही २००९ सालची. बटण फेब्रुवारीतलं, म्हणजे पाच महिन्यांनी थोरलं. त्या बटणाचं वजन किती, हे पुढे आमच्याच रेल्वेमार्गावर कळलं. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांचं निधन झालं, मुंबई बंद राहिली. त्या बंदबद्दल पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, मैत्रिणीने लाइक केलं. अटक दोघींना. लिहिणारीला झाली तशीच अंगठा देणारीलाही. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं. स्वतंत्र जिल्हा व्हायला १ ऑगस्ट २०१४ उजाडला, पण परदेशी वर्तमानपत्रांत नाव आधीच जाऊन आलं होतं. अटकेची ही बातमी वाचून श्रेया सिंघल नावाची तरुणी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि २४ मार्च २०१५ ला त्या दोघींना लावलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ६६ अ हे कलमच रद्द झालं.

पण २०१२ च्या त्या आठवड्यात आमच्या डब्यात काय धांदल! जो तो मान खाली घालून जुने लाइक काढत होता. एकाने घाईघाईत मेहुण्याच्या लग्नाच्या फोटोवरचाही काढला. मेहुणा अजून नीट बोलत नाही म्हणे.

आमच्या ग्रुपचे ॲडमिन तेव्हापासून धास्तावलेले. सभासदाच्या मजकुराबद्दल निव्वळ ॲडमिन आहे म्हणून कुणाला जबाबदार धरता येणार नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलं, तेव्हा कुठे त्यांना झोप लागली. तो निकाल त्यांनी अख्खा ग्रुपवर टाकला. सत्तावीस अंगठे मिळाले. उघडून कुणी वाचला असेल, असं मला वाटत नाही.

गुरुजींच्या धाकाने काल मी ठरवलं, काकांना शब्दांतच लिहायचं. गर्दीत ते जमेना. वसईला थोडे उतरले, नालासोपाऱ्याला बरेच उतरले, कोपर हलवता आलं. लिहिलं, 'काका, वाईट झालं. रविवारी भेटायला येतो.' विरारच्या पुलावर चढता चढता त्यांचं उत्तर आलं.

अंगठा.

आता हे 'या' म्हणून की 'राहू दे' म्हणून, ते गुरुजींनाच विचारायला हवं. पण तळमजल्यावरून जाताना काल मी पाऊल न वाजवताच वर आलो.