आबांची प्रतवारी

सुरतेत खरं मत मिळतं ते फक्त खाण्याबद्दल. लोचोवर तेल कमी पडलं किंवा चंदी पडव्याच्या घारीला जुन्या तुपाचा वास आला, तर दुकानदाराला गिऱ्हाइकांच्या गर्दीत ऐकवणारी माणसं इथं गल्लोगल्ली भेटतात. फोटो मात्र कसलाही दाखवा, निकाल ठरलेला : "जोरदार!" बगळ्याचे पाय चौकटीबाहेर गेले, जोरदार. बदक हललं, जोरदार. बदक नव्हतंच, नुसतं पाणी होतं, तरी "लाइट जोरदार."

आमचे आबा हा शब्द उच्चारत नाहीत.

आबा मूळचे अमळनेरकडचे. उधना, लिंबायत, डिंडोलीकडे जी खानदेशी वस्ती आहे, तिथलेच. गाववाले यंत्रमागावर लागले, आबा हिऱ्यात शिरले. महिधरपुऱ्यात उमेदीची सगळी वर्षं त्यांनी दहापट मोठं दाखवणारी आयग्लास डोळ्याला लावून दुसऱ्यांच्या मालातले डाग शोधले. निवृत्त झाल्यावर पोरांनी कॅमेरा घेऊन दिला, लांब भिंगासकट. धंदा सुटला, आयग्लास खिशातच राहिली, आणि चिमटाही.

रविवारी पहाटे गवियर तलावावर फिरून झालं की चहाच्या टपरीवर आबांचं कोर्ट बसतं. मोबाइलवर ते फोटो बघत नाहीत. "पडद्यावर काचपण चमकते," असं म्हणून छापील प्रत मागतात. मग हिऱ्यांचं पडीकं उलगडावं तसा तो कागद दोन बोटांनी सोडवतात, उत्तरेकडे तोंड करून बसतात (हिऱ्याचा रंग त्याच उजेडात पारखायची जुनी रीत), आयग्लास लावतात आणि पहिला प्रश्न अहिराणीत विचारतात, "डोया कोठे शे?"

पक्ष्याचा डोळा ठळक नाही, तर बाकीचं कितीही सुंदर असो, फोटो बाद. हा नियम जगभरच्या पक्षी-छायाचित्रकारांचा आहे. आबांनी तो आपल्याच वाडवडिलांनी घालून दिल्यासारखा पाळला आहे. डोळा सापडला की त्यात उजेडाचा ठिपका हवा. ठिपका असला की मान आपल्याकडे वळलेली हवी. चिमट्याच्या टोकानं ते एकेक जागा दाखवत जातात. "इथं पांढरं जळलंय, एकही पीस दिसत नाही. बगळा टिपताना एक्स्पोजर खाली आणत जा. आणि हा उभ्यानं काढलायस. पोटावर झोपायचं, पक्ष्याच्या डोळ्याच्या उंचीवर यायचं." हे ऐकणारे गृहस्थ साड्यांचे व्यापारी होते. पोटावर झोपले असते तर त्यांची उंची फारशी कमी झाली नसती.

शेवटी कागदाच्या पाठीवर पेन्सिलीनं शेरा : व्हीएस टू, एसआय वन. हिऱ्यांचीच प्रतवारी. थंडीत तापीच्या कॉजवेवर कुरव पक्ष्यांना लोक गाठिये टाकतात. तसा चोचीत गाठिया धरलेला एक कुरव समोर आला, तेव्हा आबांनी विचारलं, "फोटो पाखराचा आहे का फरसाणाचा?" घरट्याचा फोटो आला तर ते आयग्लास काढतच नाहीत. कागद पालथा घालून परत देतात. घरट्याजवळ माणूस गेला की आई-बाप उडतात आणि पिल्लांची वाट कावळ्याला कळते, एवढं एकच वाक्य बोलतात. या बाबतीत मी सोळा आणे आबांच्या बाजूचा.

माणसं दुखावतात. व्यापारीबुवा तर महिनाभर दुसऱ्या टपरीवर चहा प्यायले. पण स्पर्धेला फोटो पाठवायची वेळ आली की हेच लोक संध्याकाळी एकेकटे आबांच्या जिन्यावर भेटतात. दाखवायला जोरदारवाले, तपासायला आबा, अशी वाटणी झालेली आहे.

आता आबांच्या स्वतःच्या फोटोविषयी. दिवाणखान्यात एकच आहे, चौकटीत : छोटा खंड्या, चोचीत मासळी. खाली पितळी पट्टी, "नर". पाठीवर स्वहस्ते दिलेला शेरा, संपूर्ण निर्दोष. आबा प्रत्येकाला म्हणतात, "बिनधास्त सांगा, मला राग येत नाही." खरंच येत नाही, उत्तर येतं. रंग भडक वाटतो? छापणाऱ्यानं केला. मागे काडी आलीय? ती खंड्याची बसायची काडी, ती कुठं जाणार? थोडा तिरका आहे? तुम्ही तिरके उभे आहात.

गेल्या हिवाळ्यात डिंडोलीची एक शाळकरी पोर वडिलांबरोबर आली. तिनं कमरेवर हात ठेवून फोटो बघितला.

"काका, ही मादी आहे."

"नर आहे."

"खालची चोच बघा ना. तांबडी आहे. नराची सगळी काळी असते."

आबांनी आयग्लास काढली. आयुष्यभर सगळ्यांना डोळ्याकडे बघायला लावलं, त्या नादात स्वतः बोटभर खाली कधी उतरले नव्हते. मग कपाटातून चितमपल्लींचा पक्षिकोश निघाला, चष्मा बदलला गेला, आतून पाणी आलं. पोरगी जागची हलली नाही.

"बरं झालं," आबा म्हणाले. "मादी मिळणं अवघड."

"अवघड कसं, काका? निम्म्या मादीच असणार."

वडिलांनी तिला कोपरानं ढोसलं. आबांनी मात्र स्क्रूड्रायव्हर मागवला, पितळी पट्टी उतरवली आणि चौकट उलटी करून पाठीवरचा शेरा वाचला. खोडरबराकडे हात गेला नाही.

"माल तोच आहे," ते म्हणाले. "सर्टिफिकेट तेवढं नवीन काढू."