दोन बोटं सैल

महाडला मावससासूबाईंकडे सत्यनारायण होता. बायको आदल्या दिवशीच एसटीने पुढे गेली आणि धाकट्या भावाला गाडीवर मागे बसवून आणायचं काम माझ्यावर सोपवून गेली. गाडी १०० सीसीची, मेहुणा ९० किलोचा.

निघायच्या आदल्या रात्री चेन खळखळ वाजतेय असं लक्षात आलं. एवढ्यासाठी गॅरेजवाल्याला कशाला पैसे द्यायचे, या एका विचारातून माझ्या आयुष्यातले बहुतेक मोठे खर्च निघालेले आहेत. गाडी डबल स्टँडवर घेतली, सतराच्या पान्याने मागच्या चाकाचा नट ढिला केला, दोन्हीकडचे ॲडजस्टर पिळले आणि चेन अशी ताणली की बोटाने छेडल्यावर सूर निघाला. पाना वॉशिंग मशीनवर ठेवून समाधानाने झोपलो. दुसऱ्या दिवशी तो पाना दिवसभर तिथेच होता.

कात्रजच्या बोगद्यातच गाडी कण्हायला लागली.

‘‘दाजी, गाडी रडतेय.’’

‘‘तू बसलास ना, म्हणून.’’

हे मी चेष्टेने म्हणालो, पण खरं कारण तेच होतं. स्टँडवर चाक लोंबकळत असतं. माणसं बसून शॉकअप दबले की चेन ताणली जाते. म्हणून तर अशा गाडीची चेन खालच्या बाजूला, मधोमध, अडीच-तीन सेंटिमीटर वरखाली हलावी लागते. माझी तर मेहुणा बसायच्या आधीपासूनच हलत नव्हती. शिवाय चाक मागे ओढलं की ब्रेकचा रॉडही ताणला जातो. कापूरहोळला थांबून मागच्या ड्रमला हात लावला आणि तसाच झटकला. पुण्यापासून मी ब्रेक दाबूनच आलो होतो.

भोरला एक गॅरेज दिसलं. कारागिराने खाली वाकून पाहिलं. ‘‘कुणी लावली ही?’’

‘‘रस्त्यात एकाने,’’ मी म्हणालो.

‘‘त्याला परत हात लावू देऊ नका.’’

मेहुण्याला खोकला आला.

‘‘चेन दोन बोटं सैल पाहिजे,’’ म्हणत त्याने चाक पुढे सरकवलं. हे दोन बोटांचं माप अख्ख्या महाराष्ट्रात चालतं, पण बोटं कुणाची ते कुणी विचारत नाही. या कारागिराची बोटं राजेळी केळ्यांएवढी होती.

नीरा-देवघरच्या पाण्याकडेने जाताना गाडी इतकी गुपचूप चालली की मेहुण्याला डुलकी लागली. वरंध घाटात, वाघजाईच्या देवळाजवळ भज्यांच्या टपऱ्या आहेत. तिथेच एक खड्डा आला, खाडकन आवाज झाला आणि गाडी थांबली. इंजिन मात्र जोरात चालू.

‘‘दाजी, रेस द्या ना!’’

मी देतच होतो. चेन मागच्या चक्रावरून उतरून लोंबत होती.

घाटात गाडी बंद पडली की सल्लागार कड्याकपारीतून उगवतात. एकाने चेन अजून टाईट करायला सांगितली, दुसऱ्याने अजून सैल, तिसऱ्याने गाडीच विकायला. एका टेम्पोवाल्याने सतराचा पाना दिला, हीच त्यातली कामाची गोष्ट. एवढ्यात टपरीवरच्या मावशी कढई उतरवून आल्या. त्यांचा मुलगा असलीच गाडी चालवतो म्हणे.

‘‘चिमट्यावरच्या खुणा बघून लावलीत ना? खुणा खोटं बोलतात. सुतळी लावा.’’

भज्यांच्या पुड्याची सुतळी त्यांनी, मागचं चाक धरून ठेवणाऱ्या चिमट्याच्या पुढच्या बोल्टापासून चाकाच्या ॲक्सलपर्यंत ताणून धरली आणि बरोबर तिथे गाठ मारली. तीच दुसऱ्या बाजूला लावली तर गाठ अर्धं बोट पुढे गेली. म्हणजे चाक तिरकं बसलं होतं. त्यातला माझा वाटा किती आणि भोरचा किती, याची चर्चा मी होऊ दिली नाही.

चेन चढवली. मावशींनी चाक हळूहळू फिरवून चेन सगळ्यात जास्त कुठे ताणली जाते ते शोधलं. माप तिथेच घ्यायचं. पट्टी नव्हती म्हणून काडेपेटी धरली. तिच्या रुंदीहून जरा कमी एवढी ढील ठेवली, सुतळीच्या गाठी जुळवल्या, नट आवळला, पुन्हा माप बघितलं. मग मेहुण्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, ‘‘यांना बसवा आणि परत बघा.’’ मेहुणा बसला, तरी चेन हलत होती.

‘‘आता ब्रेक दाबा. पुढं सगळा उतार आहे.’’

दाबला. पेडल निम्म्या वरंध्यापर्यंत खाली गेलं. भोरला चाक पुढे सरकलं तेव्हा रॉड सैल पडला होता आणि चढाला ब्रेक फारसा लागलाच नाही, म्हणून कळलं नव्हतं. रॉडच्या टोकाचा नट हाताने फिरवून मावशींनी पेडल जागेवर आणलं.

कामाचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. कांदाभज्यांच्या चार प्लेटचे घेतले. त्यातली एक माझी.

महाडला पोचलो तेव्हा आरती होऊन पंगत उठत होती. शिऱ्याचा द्रोण हातात घेऊन मेहुणा सगळ्यांना सांगत होता की घाटात चेन त्यानेच बसवली.