तेविसावं निग्रहस्थान

सौदीत अल-खोबरला राहतो म्हटलं की पुण्याचे नातेवाईक अजून विचारतात, "ओलं की सुकं?" उन्हाळ्यात ओलं. दाराबाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ धरते. अशा हवेत माणूस घरात बसतो, आणि घरात बसलेला मराठी माणूस चर्चा करतो. २०२१च्या डिसेंबरात रियाधला तत्त्वज्ञानाची आंतरराष्ट्रीय परिषद भरली, ती बातमी वाचून आम्हा सात-आठ जणांनाही कंठ फुटला. दर शुक्रवारी संध्याकाळी एकाच्या घरी बसायचं. एक विषय, एक पातेलं पोहे. पातेलं संपतं, विषयाला कोणी हात लावत नाही.

"मी म्हणजे कोण?" असं कोणी काढलं की सेफ्टीवाले काका म्हणतात, "इकाम्यावर लिहिलंय तो." इकामा म्हणजे इथला राहण्याचा परवाना. त्यावरून मुदत, मुदतीवरून एक्झिट-रीएंट्री व्हिसा, तिथून बहारीन, आणि मग तिकडे नेणारा, १९८६ साली सुरू झालेला २५ किलोमीटरचा कॉजवे. तिथे सगळे अडकतात. कोणाला किती तास लागले याचा हिशेब होईपर्यंत आत्म्याचं फायनल एक्झिट झालेलं असतं.

अशात एक नवा मुलगा आला. लातूरचा, येऊन तीन आठवडे झालेला. बिचाऱ्यानं विचारलं, "काका, अद्वैत म्हणजे नक्की काय?" मी अध्यास सांगितला, मग विवर्त, मग अध्यासावरून विवर्त. अमळनेरच्या काकांनी आपल्या गावात १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर निघालं इथून सुरुवात केली, जणू गाव सांगितलं की मुद्दा सिद्ध होतो. मुलगा म्हणाला, "सकाळी ड्यूटी आहे," आणि उठला. दुसऱ्या दिवशी शनिवार, त्याला सुट्टी. पुढचे दोन शुक्रवार तो फिरकला नाही.

"विक्षेप!" मी म्हणालो. "कामाचं निमित्त काढून वादातून उठणं. न्यायसूत्रांतल्या २२ निग्रहस्थानांपैकी, म्हणजे वादात हरण्याच्या जागांपैकी, एक. हरला तो."

वहिनी चहा गाळत होत्या. "भाऊजी, त्याच यादीत अविज्ञातार्थही आहे ना? तीनदा सांगूनही सभेला कळलं नाही, तर हरतो कोण?"

हरतो सांगणारा. आणि मी मोजून तीनदा सांगितलं होतं.

"आणि अर्थांतर? विषय सोडून भलतंच बोलणं?" कॉजवेवाले सगळे पोह्यांतले शेंगदाणे शोधू लागले.

न्यायशास्त्रात सत्यासाठी करतात तो वाद, जिंकण्यासाठी जल्प, आणि आपलं काहीच न मांडता दुसऱ्याचं मोडायचं ती वितंडा. आम्हाला वितंडाही धड जमत नव्हती. तिला निदान दुसऱ्याचं ऐकावं लागतं.

त्याच रात्री फ्रिजवर कागद लागला. पहिला प्रश्न नव्या माणसाचा. संस्कृत शब्द काढला की लगेच साध्या मराठीत सांगायचा, नाहीतर पाच रियाल. कॉजवे हे तेविसावं निग्रहस्थान, दंड दहा.

मुलाला फोन करून बोलावलं. या खेपेला म्हटलं, "रियाध रोडवर लांब पाणी दिसतं, जवळ गेलं की डांबर. शंकराचार्य म्हणतात, जग तसं दिसतं."

तो म्हणाला, "मग आपली गाडी डांबरात धरायची की पाण्यात?"

कोणालाच उत्तर सुचेना. याला अप्रतिभा म्हणतात, तेही निग्रहस्थानच. अमळनेर गप्प बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

डब्यात आजवर ११५ रियाल जमलेत, त्यातले साठ माझे. खोबरला असाल तर एखाद्या शुक्रवारी या. चपला दाराबाहेर काढा, आणि बहारीनहून आला असाल तर किती वेळ लागला ते जिन्यातच सांगून टाका.