उजवीकडे वळताना वाजणारा हॉर्न

ऑगस्ट २०२३ मध्ये महिंद्राने एक्सयूव्ही ७०० च्या १,०८,३०६ गाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या. कारण काय, तर इंजिनापाशी जाणारा वायरींचा जुडगा घासून कापला जाण्याची शक्यता. शक्यता, बरं का; कापला गेला असं नव्हे. अमरावतीच्या राजकमल चौकात हे कोणाला सांगितलं, तर तो आधी गाडीकडे पाहील, मग आपल्याकडे, आणि विचारेल, "बंद पडली का?" नाही. "मंग कायले दुखणं इकत घेता, भाऊ?"

वऱ्हाडात गाडी मिस्त्रीला दिसते ती बंद पडल्यावर. तोवर ती नुसती 'मिसिंग मारते', म्हणजे चालता चालता अडखळते, आणि मिसिंग मारणं हा आमच्याकडे दोष नसून स्वभाव समजला जातो. मे २०२१ मध्ये रॉयल एनफील्डने २,३६,९६६ मोटारसायकली बोलावल्या, त्या याच स्वभावापायी. इग्निशन कॉइलमध्ये खोट होती. गाडी मिसिंग मारेल, क्वचित शॉर्टसर्किटही होईल, असं कंपनीने स्वतःच जाहीर केलं. वर असाही अंदाज दिला, की प्रत्यक्ष भाग बदलावा लागेल तो दहातल्या एकीचाही नाही. लग्न जमवून देणाऱ्या मध्यस्थाने वर्षभराने दारात येऊन, टोपी हातात धरून, 'मुलाच्या रागाची एकदा खात्री करून घ्या म्हणतो,' असं पुटपुटावं, तसं हे. एवढ्या प्रामाणिकपणाची सवय नसल्यामुळे माणूस आधी घाबरतो.

घासणाऱ्या वायरीचं म्हणाल, तर आमच्या अकोल्याच्या घरी एक स्कूटर होती. तिचं हँडल उजवीकडे वळवलं की हॉर्न आपोआप वाजे. हँडलच्या मानेत वायर वाकते, वर्षानुवर्षं घासते, एक दिवस तिचं कातडं सोलवटतं. हॉर्नच्या त्या वायरीला बॉडीचा स्पर्श झाला की बटण दाबल्यासारखंच होतं. आमची गल्ली उजव्या हाताला. त्यामुळे बाबा ऑफिसातून परतले की कोपऱ्यावर स्कूटर स्वतःहून ललकारी देई, आणि आई चहाचं आधण ठेवी. शेजारच्या काकू त्या हॉर्नवर कुकरच्या शिट्ट्या मोजायला लागत. पुढे कधीतरी एका मिस्त्रीने काळ्या टेपचे चार वेढे मारून तो दोष काढला. त्या संध्याकाळी बाबा दारात येऊन उभे राहिले तरी गॅस बंदच. "आले का तुम्ही?" आईने विचारलं, ते जवळजवळ तक्रारीच्या सुरात. काही दिवस बाबा वळणावर स्वतःच बटण दाबत असत.

आता वाटतं, घासली ती हॉर्नची वायर होती म्हणून ही गोष्ट इतक्या मायेने सांगता येते. बॅटरीकडून येणारी जाड वायर तशी सोलवटली असती, तर चहाचं आधण नव्हे, स्कूटरच पेटली असती. त्यात अकोल्याचा मे महिना. पारा पंचेचाळिसाच्या पुढे गेला की माणसांची कातडी करपते, वायरींची कडक होऊन तडकते.

वाहनं परत बोलावण्याला आता कायद्याचं पाठबळ आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाली, १ एप्रिल २०२१ पासून नियम लागू झाले. सात वर्षांच्या आतल्या सदोष वाहनांसाठी सरकार कंपनीला तसा हुकूम देऊ शकतं, आणि दंड एक कोटीपर्यंत जातो. हुकमाची सोय झाली. गाडी नेण्याचा मुहूर्त मात्र आमच्याच हाती. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज विक्रम झाला. त्याच रस्त्याने सर्व्हिस सेंटरपर्यंत जायला आमची 'दिवाळी झाली की पाहू' असते.

तेव्हा राजेहो, कंपनीचा निरोप आलाच, तर तो विम्याच्या जाहिरातींबरोबर पुसू नका. आरसीवरचा चेसिस नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून पाहा, आणि नंबर निघाला तर गाडी घेऊन जा. पैसे लागत नाहीत.