छत्री, खोका आणि खालून ओरडणारा माणूस

सदर मार्गदर्शिका महिन्याला एकही रुपया न भरता टीव्ही बघू इच्छिणाऱ्या होतकरू उमेदवारांसाठी आहे. सुरुवात करण्याआधी पुढील गोष्टी जवळ असल्याची खात्री करावी: एक टीव्ही, शिडी, पाना, अख्खा रविवार, आणि अंगणात उभं राहून घरातलं बोलणं छतावर पोचवणारा एक माणूस. शिडी आणि पाना शेजारी मिळतात. रविवार काढता येतो. माणसाची व्यवस्था मात्र आधी करावी, खोका मागाहून घेतला तरी चालतो.

पायरी पहिली: गरज ओळखणे

गावाकडं आई मालिका बघत असते. सासू सुनेच्या हातातलं पत्र हिसकावते आणि नेमक्या त्याच क्षणी पडद्याच्या मधोमध चौकट उगवते: आपला रिचार्ज संपला आहे. आई पुण्याला फोन लावते. "पत्रात काय लिहिलं होतं, तुला काही कळलं का रे?" मला कळलेलं नसतं. मी मोबाइलवरून घाईघाईनं रिचार्ज मारतो, तोवर पत्र चुलीत गेलेलं असतं. असं तीन वेळा झालं की उमेदवार पात्र समजावा.

यावरचा उतारा म्हणजे प्रसार भारतीची फ्री डिश. १६ डिसेंबर २००४ ला ही सेवा ३३ वाहिन्या घेऊन 'डीडी डायरेक्ट प्लस' नावानं सुरू झाली. पुढं नाव बदललं, वाहिन्या वाढल्या, महिन्याचं भाडं मात्र होतं तेवढंच राहिलं, म्हणजे शून्य. एकदाच दीड-दोन हजार घालायचे, छत्री लावायची, की झालं. 'की झालं' हे शब्द दुकानदाराचे आहेत. ते कुठल्या अर्थानं घ्यायचे ते पुढं येईलच.

पायरी दुसरी: खोका निवडणे

तालुक्याच्या दुकानात फळीवर पाच खोके मांडलेले होते. पाचही काळे, पाचही जेवणाच्या डब्याएवढे, पाचांवरही चांदीच्या अक्षरात काहीतरी इंग्रजी.

"हा कसाय?" मी विचारलं.

"एक नंबर."

"आणि हा?"

"तोपण एक नंबर."

"मग दोघांत फरक काय?"

"पन्नास रुपये," दुकानदार म्हणाले आणि पंख्याचं बटण दाबायला गेले.

नवशिक्यानं हे उत्तर हसण्यावारी नेऊ नये. खोक्यांच्या निवडीवर इतकं प्रामाणिक बोलणं मी दुसरीकडं कुठं ऐकलेलं नाही. स्वस्त खोक्यांचं झाकण उघडलं तर आत बहुतेक सारखाच माल असतो: एक छोटी पाटी, तिच्यावर एक चिप, आणि बाकी सगळी हवा. नाव, रंग आणि पुठ्ठ्यावरचा हसरा कुटुंबपरिवार तेवढा वेगळा. पुठ्ठ्यावर 'यूट्यूब' लिहिलेलं असतं, ते वायफायची वेगळी काडी विकत घेऊन मागं खोचल्यावर चालतं, तेही काडी खोक्याच्या पसंतीची निघाली तर. 'यूएसबी' लिहिलेलं असतं, त्यात पेन ड्राइव्ह घालून हळदीचा व्हिडिओ पाहता येतो. आमच्याकडं तो एकदा पाहिला. पुन्हा कोणी नाव काढलं नाही.

तांत्रिक म्हणावी अशी अट एकच: खोका एमपेग-फोरचा असावा. जुने एमपेग-टूचे खोके अजून कोणाकोणाच्या माळ्यावर पडलेले असतात आणि नवशिक्याला ते मोठ्या प्रेमानं भेट मिळतात. ते चालतात, पण नव्या पद्धतीनं पाठवलेल्या वाहिन्या त्यांना उमगतच नाहीत, मोडी न शिकलेल्या माणसासमोर मोडीचा कागद धरावा तसं. शिवाय प्रसार भारतीनं मान्यता दिलेले वेगळे खोकेही असतात. त्यांत 'आयकॅस' नावाचं देशी बनावटीचं कुलूप असतं, आणि काही वाहिन्या किल्ली असणाऱ्यांनाच दिसाव्यात अशी त्यामागची योजना. परवडत असेल तर तो घ्यावा. दुकानदार तो स्वतःहून दाखवत नाहीत, आपण नाव घेऊन मागावा लागतो.

तरीही दुसरी पायरीच, कारण आपण अजून दुकानातच आहोत

दुकानदार ज्याबद्दल अवाक्षर काढत नाहीत आणि जे बघूनच खोका घ्यावा, ते म्हणजे रिमोट. खोका टीव्हीमागं धूळ खात पडणार आहे, त्याचं तोंड कोणी बघणार नाही. रिमोट मात्र पुढची पाच वर्षं हातात असणार. त्यामुळं पुठ्ठा उघडायला लावावा, रिमोट बाहेर काढावा आणि घरातल्या सगळ्यात वयस्क माणसाचा अंगठा डोळ्यांपुढं आणावा. आमच्या रिमोटवर बेचाळीस बटणं आहेत. आई तीन वापरते: लाल, वर, खाली. उरलेली एकोणचाळीस केवळ चुकून दाबण्यासाठी दिलेली आहेत. ताईनं अखेर तिन्हींवर नेलपॉलिशचे ठिपके दिले. त्या एका शिशीनं जे काम केलं ते खोक्याबरोबर आलेल्या माहितीपत्रकानं केलं नाही.

आणि हो, रिमोट आता दोन होतात, एक टीव्हीचा नि एक खोक्याचा. टीव्हीच्या रिमोटवर 'सोर्स' नावाचं बटण असतं. ते चुकून दाबलं की पडदा निळा होतो, 'सिग्नल नाही' अशी अक्षरं येतात आणि घरात सुतक पडल्यासारखं होतं. फ्री डिशमधले निम्मे बिघाड हे बटण करतं, असा माझा हिशेब आहे. टीव्हीचा रिमोट कपाटात, साड्यांच्या खाली ठेवावा. नव्या काही टीव्हींत उपग्रहाचा ट्यूनर आतच बसवलेला असतो, खोका लागतच नाही. तसा टीव्ही घरात असेल त्यानं हे दोन परिच्छेद गाळून थेट छतावर यावं, तिथं सगळे सारखेच.

पायरी तिसरी: आग्नेय दिशा

आपल्याला जीसॅट-१५ हा उपग्रह गाठायचा आहे. नोव्हेंबर २०१५ मध्ये तो फ्रेंच गयानातून सुटला आणि आता ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, विषुववृत्ताच्या बरोब्बर वर, सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर ठाण मांडून आहे. खाली पाहिलं तर सुमात्रा बेटाच्या पश्चिमेचा भर समुद्र. महाराष्ट्रातून बघणाऱ्यानं तोंड आग्नेयेला करावं. मुंबईहून तो जरा जास्त पूर्वेकडं वाटतो, नागपूरहून दक्षिणेकडं सरकतो, पण आग्नेय सोडत नाही. वास्तुशास्त्रात आग्नेय कोपरा चुलीचा. आईला ही व्यवस्था एकदम पटली.

लहानपणी काकांच्या पुण्यातल्या घरावर अँटेना असायचा, सिंहगडावरच्या मनोऱ्याकडं तोंड करून. १९७३ पासून पुण्याला दूरदर्शन तिथूनच मिळायचं. तेव्हा काम सोपं होतं, कारण गड दिसायचा. शिवाय अँटेना थोडा चुकला तर चित्र थोडंच बिघडायचं, मुंग्या यायच्या आणि मुंग्यांतूनही चित्रहार पुरा व्हायचा. डिजिटलमध्ये ही मुरवत नाही. बरोबर लागलं तर काचेसारखं स्वच्छ, नाहीतर ठार काळं. मधल्या मध्ये चौकोनी चौकोनी तुकडे पडले तर ते यशाच्या जवळ आल्याचं लक्षण समजावं आणि श्वास रोखून धरावा.

छत्री बघते कुठं, हाही एक चकवा आहे. तिचा आकार असा की ती समोरच्या नारळाच्या शेंड्याकडं पाहतेय असं वाटतं, प्रत्यक्षात तिची नजर त्याच्या बरीच वर असते. म्हणून छत्रीला आकाशाकडं उताणी पाडू नये. शेजारच्याची लागलेली छत्री बघून तशीच आपली लावावी. लाजू नये, सगळ्या गावानं तेच केलेलं असतं. घरावर जुनी छत्री पडून असेल तर आधी ती कुठल्या कंपनीची ते बघावं. एका खासगी कंपनीचा उपग्रह ९५ अंशावर आहे, म्हणजे आपल्याहून जेमतेम दीड अंश पलीकडं. तिची छत्री केसभर वळवली की काम होतं. बाकी बहुतेकांच्या छत्र्यांना चांगली मान मोडावी लागते.

केसभर म्हणजे खरोखर केसभर. इथं एक अंश हललो की तिकडं आकाशात सहाशेहून जास्त किलोमीटरची चूक होते. बोल्ट सैल करायचा, श्वासाएवढं सरकवायचं, थांबायचं, कारण खोक्याला विचार करायला दोन-तीन सेकंद लागतात. नवशिका थांबत नाही. तो बरोबर जागेवरून तीन वेळा पुढं निघून जातो.

पडद्यावर दोन पट्ट्या दिसतात: स्ट्रेंथ आणि क्वालिटी. स्ट्रेंथची पट्टी भिंतीकडं तोंड केलं तरी ऐटीत सत्तरवर उभी असते. ती फक्त छत्रीच्या टोकावरच्या एलएनबीला वीज मिळतेय एवढंच सांगते. बघायची ती क्वालिटी. ती शून्यावर असते, शून्यावरच असते, आणि मग एकदम उडी मारते.

ही पट्टी घरात, मी स्लॅबवर. म्हणून तो माणूस. आमच्याकडं साखळी अशी होती: टीव्हीसमोर आई, अंगणात भाचा, वर मी. मी ओरडायचो, "चित्र आलं का?" वाऱ्यावर अर्धं उडून जायचं. भाचा दारातून आत सांगायचा, "आजी, मामा विचारतोय, आलं का?" मी पाना धरून ताटकळतोय. आतून आवाज येतो. भाचा वर तोंड करून म्हणतो, "मामा, आलं नाहीये, परवाच संपलं. येताना बाजारातून आण म्हणते."

त्यानंतर आम्ही आल्याचा चहा होईपर्यंत काम थांबवलं.

पायरी चौथी: स्कॅन

चित्र लागलं की स्कॅन मारायचा. खोका वाहिन्या गोळा करून त्यांना आपल्या मनानं आकडे देतो. आईनं वहीत आकडे लिहून ठेवले: सह्याद्री अमुक, कीर्तन तमुक. तीन महिन्यांनी पुन्हा स्कॅन मारला आणि वहीचा पंचांगाएवढाही उपयोग उरला नाही.

पुन्हा पुन्हा स्कॅन का, तर वाहिन्या पाहुण्यांसारख्या येतात-जातात. इथं बघणारा पैसे देत नाही, दिसणारा देतो. खासगी वाहिन्या प्रसार भारतीच्या लिलावात बोली लावून जागा घेतात. १ मार्च २०१९ ला मोठ्या कंपन्यांच्या नावाजलेल्या हिंदी मनोरंजन वाहिन्या एकदमच उठून गेल्या, पुढच्या वर्षी परतल्या आणि १ एप्रिल २०२२ ला पुन्हा गेल्या. आईला एप्रिलचं खरंच वाटलं नाही, तिला वाटलं मीच काहीतरी दाबलं. दूरदर्शन तेवढं कुठं जात नाही. भारताचे मोठे क्रिकेट सामने २००७ च्या कायद्यामुळं दूरदर्शनला मिळतात, आणि ते बघताना फ्री डिशवाल्याचा एक फायदा असतो: मोबाइलवर बघणाऱ्या शेजाऱ्याच्या कितीतरी सेकंद आधी आपली विकेट पडते. भाचा मुद्दाम खिडकीत जाऊन ओरडतो.

पायरी पाचवी: बिघाड

पाऊस जोरात आला की चित्र जातं. ते पाऊस थांबल्यावर येतं, वर चढू नये. मेमध्ये लावलेल्या छत्रीपुढं श्रावणात शेवगा उभा राहतो, तर शेवगा छाटावा आणि शेंगा वाटाव्यात. वानरं बसून गेली तर तिसऱ्या पायरीपासून सुरुवात. खोका अजिबातच मुका झाला तर तो फेकण्याआधी बारा व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर बदलून बघावा. आमचा खोका मेला म्हणून आम्ही नवा आणला, आणि जुना अजून भाच्याच्या खोलीत छान चालतो, नव्याच्या अ‍ॅडॉप्टरवर.

आणखी एक बिघाड आहे, तो माहितीपत्रकात नाही. मार्चमध्ये आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला काही दिवस सूर्य नेमका उपग्रहाच्या पाठीमागं येतो. त्याच्या गोंगाटात उपग्रहाचा आवाज बुडतो आणि सकाळी अकराच्या सुमाराला काही मिनिटं चित्र गायब होतं. आभाळ निरभ्र, वारा नाही, पाऊस नाही आणि पडदा काळा. गेल्या ऑक्टोबरात आईचा फोन आला.

"अरे, परत गेलं. सोर्सबिर्स काही दाबलं नाही मी."

मी घड्याळ बघितलं. "आई, छत्रीसमोर सूर्य आलाय. दहा मिनिटांत सरकेल, मग येईल."

"सूर्य?" ती दाराशी गेली असावी, कारण फोनमधून कोंबड्या ऐकू आल्या. "हो रे, ऊन कडक पडलंय खरं." मग भाच्याला हाक मारली, "बाळा, त्या माळ्यावरच्या गाद्या काढ पाहू, तेवढ्यात वाळत घालू."