क्लॉकवाले भाऊ

पुसदला १९८३ साली बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय निघालं, पुढे यवतमाळातही इंजिनिअरिंग आलं, आणि जिल्ह्यात क्लॉकवाल्या भाऊंची पैदास सुरू झाली. ८०८६ प्रोसेसरच्या किटवर एकदा हात बसला की हा माणूस जन्मभर क्लॉक सायकल मोजतो. एके काळी शकुंतला रेल्वेत बसून रमतगमत मूर्तिजापूर गाठणाऱ्यांच्या जिल्ह्यात हा नॅनोसेकंदावरून भांडतो.

कुणी रजिस्टरमध्ये शून्य भरायला 'मूव्ह' वापरलेलं दिसलं, की भाऊंच्या हातातला चहा निवतो. "काहून उडवून राह्यला बे तीन बाइट? एक्सॉर कर, दोनात भागते!" बरोबरच आहे म्हणा. भाऊंचं कधीच चुकत नाही, फक्त कामी येत नाही.

एका जिनिंगवर काटापट्टीचा प्रोग्रॅम रखडत होता. ऐन हंगाम, काट्यावर कापसाच्या गाड्यांची रांग, आणि एकेक पट्टी निघता निघेना. भाऊंनी कोड उघडला, तर रुपयांचे पैसे करायला चक्क शंभराने गुणलेलं! त्यांनी रात्र जागून गुणाकार काढला. शंभर म्हणजे चौसष्ट, बत्तीस आणि चार; तीन शिफ्ट, दोन बेरजा. ८०८६ वर सोळा बिटी गुणाकाराला ११८ ते १३३ सायकल लागायच्या, हे त्यांना लेकराच्या वाढदिवसापेक्षा पक्कं पाठ. आजचा प्रोसेसर तोच गुणाकार तीनेक सायकलींत उरकतो, हे मात्र त्यांच्या कानावर घालायची कुणाची छाती नाही.

सकाळी पट्टी तेवढ्याच वेळात निघाली.

मग इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या एका पोरीनं आधी वेळ मोजला. प्रत्येक पट्टीला प्रोग्रॅम शेतकऱ्यांची फाइल पहिल्या नावापासून वाचत होता. तिनं फाइल एकदाच मेमरीत घेतली, नावं क्रमाने लावली आणि मधोमध कापत शोध घेतला. दहा हजार नावं असली तरी चौदा तुलनांत नाव सापडतं. तासाभरात रांग हलली. वेळेआधीच्या ऑप्टिमायझेशनबद्दल डोनाल्ड कनूथनं १९७४ मध्येच कान उपटले होते; पण भाऊंचं वाचन इंटेलच्या मॅन्युअलपलीकडे जात नाही.

भाऊ तिचा कोड बारकाईनं पाहत म्हणाले, "जमलं पोरी. पण मधला काढाले दोननं भागून राह्यली तू. तिथं शिफ्ट टाक!"

ते काम कंपायलर केव्हाच करून मोकळा झाला होता.